मीठगाडी

रात्री दोन वीसला फोन थरथरतो.
डेपोतून ग्रेस्टनचा आवाज:
"रूबेन, रस्ते शून्याखाली जातायत. निघ."
एवढंच. का, कशाला, काही नाही.
मी थर्मासमध्ये चहा ओततो,
मालनच्या पायांवरची रजई सारखी करतो
आणि बक्स्टनचा उतार धरून
तोंडाने वाफ सोडत चालू लागतो.

नेवाशाजवळच्या वस्तीत बाप असाच उठायचा,
चर्चची घंटा वाजवायला.
अंगात ताप असो, ऐकायला कुणी उठो न उठो.
एकदा विचारलं, कुणी येतच नाही तर कशाला?
दोर खुंटीला गुंडाळत तो म्हणाला,
"मला वाजवायला सांगितलंय. डोकी मोजायला नाही."

तेव्हा मला ते अडाणीपणाचं वाटलं.

गाडीत सात टन मीठ.
चेशायरच्या पोटातल्या खाणीतून काढलेलं,
पांढरं नाही, तांबूस, मुरमासारखं.
पहिल्यांदा मुठीत घेतलं तेव्हा हुंगून पाहिलं,
गावच्या माळाचा वास येतो का म्हणून.
नाही आला.

पृथ्वीचं मीठ व्हा, हे ऐकत वाढलो.
त्या मिठाला नंबरप्लेट असते
आणि दर साडेचार तासांनी
पाऊण तासाची सक्तीची विश्रांती,
हे मात्र कुठल्या पाळकाने सांगितलं नव्हतं.

यादीत सगळ्यात शेवटी टेकडीवरची गल्ली.
एकच घर, मिसेस ऑलरनशॉ, आणि चार मेंढ्या.
मागच्या जानेवारीत मी ती गाळली.
बोटं गारठलेली, घड्याळात सहा वाजत आलेले,
म्हटलं, कोण बघतंय.
सकाळी पोस्टमनचं मनगट मोडलं.

मला कुणी काही विचारलं नाही.
दोन दिवस घास उतरेना.
तिसऱ्या दिवशी स्वतःच ग्रेस्टनसमोर उभा राहिलो.
त्याने ऐकून घेतलं, एक फॉर्म सरकवला,
सही घेतली, आणि मान वर न करता म्हणाला,
"उद्या दोन वीस."

क्षमा म्हणजे काहीतरी मोठं, उजेडाचं,
अशी माझी समजूत होती.
मला ती मिळाली अशी:
तीच गाडी, तीच यादी, तीच गल्ली.

आता चढावर गिअर दुसरा.
मागे चकती गरगरते, मीठ कुंपणावर तडतडतं,
मेंढ्यांचे डोळे क्षणभर पेटतात.
आणि सकाळी काहीच झालेलं नसतं.
पोस्टमन शीळ घालत उतरतो.
मिसेस ऑलरनशॉला वाटतं,
काल रात्री तशी थंडी नव्हतीच फारशी.
वाटू दे.

मालनची एक निळी वही आहे.
झोपण्याआधी उपकारस्तुतीची एक ओळ, डावीकडे तिची,
उजवीकडे माझी.
तिचं भराभर होतं:
काटेरी वांगी मिळाली, लेस्टरहून आलेली.
गुडघा कमी दुखला.
सुवार्ताने फोन केला, स्वतःहून.
मी पेन धरून बसतो.

हंगामसणाला आई जोंधळ्याची पेंढी न्यायची
आणि एक कोंबडी.
उपासनेनंतर लिलाव व्हायचा,
तेव्हा तीच कोंबडी चार रुपये जास्त देऊन
पुन्हा घरी आणायची,
आणि वाटभर अशी चालायची
जणू तिला ती फुकट मिळालीय.

माझ्याकडे पेंढी नाही.
लिहितो: आज कुणी घसरलं नाही.
खोडतो. मला कुठे ठाऊक?
पुन्हा लिहितो:
जे घडलं नाही त्याबद्दल,
आणि जे मला कधी कळणारही नाही, त्याबद्दलसुद्धा.

पहाटे परततो तेव्हा
बुटांवर मिठाची रेघ सुकलेली असते.
आतून, अर्धवट झोपेत, मालन ओरडते,
"दारातच काढ ते पायातलं!"

काढतो.